गाडी चावीला दाद देत नाही तेव्हा: कीलेस एंट्रीतला बिघाड स्वतः कसा शोधायचा

बटण दाबलं तरी गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं की उघडते, तिसऱ्यांदा परत काही नाही. पुश-बटणाची गाडी असेल तर आत बसल्यावर मीटरमध्ये ‘चावी सापडत नाही’ असा संदेश झळकतो, आणि ती चावी तर आपल्या खिशातच असते. पहिल्यांदाच स्मार्ट चावीची गाडी घेतलेला माणूस यात गोंधळून जातो आणि थेट नवीन चावीची चौकशी करायला लागतो. बऱ्याच गाड्यांना नवीन स्मार्ट चावी आणि तिचं प्रोग्रॅमिंग म्हणजे काही हजारांचा खर्च. तो करायच्या आधी अर्धा तास गाडीपाशी घालवा. बिघाड चावीत आहे, गाडीत आहे की गाडी उभी आहे त्या जागेत आहे, एवढं ठरवायचं आहे. बहुतेक वेळा त्याला कसलंही हत्यार लागत नाही.

चावीच्या पोटात काय असतं

हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून घाई करू नका.

बटण दाबल्यावर चावी एक सांकेतिक संदेश हवेत सोडते. भारतातल्या बहुतेक गाड्यांत तो ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास असतो. हे झालं साधं रिमोट. यात चावी बोलते आणि गाडी ऐकते.

खिशातून चावी न काढता हँडलला हात लावून दार उघडतं, तेव्हा उलटं घडतं. आधी गाडी हाक मारते. दारांजवळ आणि केबिनमध्ये लपवलेल्या छोट्या अँटेनांमधून १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचा अगदी जवळच पोचणारा सिग्नल निघतो, साधारण मीटर-दीड मीटरपर्यंतचा. तो ऐकून चावी जागी होते आणि ४३३ वर उत्तर देते. म्हणजे इथे दोन्ही बाजू धड हव्यात: गाडीची हाक आणि चावीचं उत्तर.

तिसरी गोष्ट म्हणजे इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, चिप. तिला सेल लागत नाही. गाडीच्या कॉइलजवळ चावी नेली की त्या कॉइलमधूनच चिपला वीज मिळते आणि इंजिन सुरू करायची परवानगी मिळते. सेल पूर्ण गेला तरी गाडी सुरू होऊ शकते ती यामुळेच. आणि चौथी, बहुतेक स्मार्ट चाव्यांच्या आत सरकवून ठेवलेली साधी धातूची चावी. ती आपल्या चावीत कुठे आहे आणि कशी निघते, हे आज घरी बसून पाहून ठेवा.

रस्त्यातच अडकलात, तर आधी घरी पोचा

त्र्यंबकला धो धो पाऊस आहे, पार्किंगमध्ये गाडी उघडत नाही, सोबत घरची मंडळी आहेत. अशा वेळी बिघाड शोधत बसायचं नाही.

चावीवरची छोटी खिटी सरकवा आणि धातूची चावी ओढून काढा. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलपाशी कुलपाचं छिद्र असतं. काही गाड्यांत ते प्लास्टिकच्या टोपीखाली लपवलेलं असतं. टोपीला खालून बारीक खाच असते, तिथे चावीचं टोक घालून टोपी अलगद उचलायची. दार असं उघडल्यावर अलार्म वाजू लागला तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू झालं की तो थांबतो.

आत बसून ब्रेक दाबा, मॅन्युअल गाडी असेल तर क्लच. मग चावीच स्टार्ट बटणाला टेकवा आणि चावीनेच बटण दाबा. काही गाड्यांत बटणाऐवजी कप होल्डरमध्ये किंवा स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला चावी ठेवायची जागा ठरलेली असते. मालकाच्या पुस्तिकेत ‘चावीचा सेल संपल्यास’ असं एक पान असतं. त्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. पुस्तिका बिघाडाच्या वेळी बंद गाडीतच राहिलेली असते.

दुसरी चावी काढा

आता शांतपणे तपासणी. कपाटातली दुसरी चावी आणा आणि पहिली चावी गाडीपासून बरीच लांब, घरातच ठेवा. दोन्ही खिशात ठेवून तपासलं तर कोणती चालली ते कळणार नाही.

दुसरी चावी व्यवस्थित चालली तर गाडी निर्दोष. पहिल्या चावीचा सेल, बटण किंवा सर्किट यातच काहीतरी आहे. दोन्ही चाव्या सारख्याच अडखळत असतील तर चावीवर पैसे घालवू नका, गाडीकडे किंवा जागेकडे वळा. मात्र कपाटातल्या चावीचा सेलही तेवढाच जुना असतो हे ध्यानात ठेवा. दोन्ही सेल एकाच सुमाराला उतरलेले असू शकतात.

दिवे काय सांगतात ते बघा

बटण दाबताना दाराकडे बघू नका, इंडिकेटरकडे बघा.

इंडिकेटर लुकलुकले पण दार उघडलं नाही, तर संदेश गाडीपर्यंत पोचला आहे. दोष दाराच्या लॉकमध्ये आहे. एकच दार हट्ट करत असेल तर त्या दाराची लॉक मोटर, किंवा दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतून जाणाऱ्या वायरा तुटल्या असण्याची शक्यता मोठी. दार हजारो वेळा उघड-बंद होतं, त्या वायरा तिथेच वाकून वाकून तुटतात. आतल्या सेंटर लॉकच्या बटणानेही तेच दार अडत असेल तर खात्री झाली. ऑटो इलेक्ट्रिशियनला जाऊन एवढंच सांगा, “दादा, इंडिकेटर लागतात, डावं मागचं दार घेत नाही.” त्याचं अर्धं शोधकाम वाचतं.

इंडिकेटरच लागले नाहीत, तर संदेश निघाला नाही किंवा पोचला नाही. मग गाडीच्या अगदी काचेपाशी जाऊन बटण दाबा. जवळून चालतं आणि चार पावलांवरून चालत नाही, तर संशय सेलवर.

गाडी लॉकच होत नाही आणि वर पीप पीप आवाज करते, ही वेगळी तक्रार. एखादं दार किंवा डिकी नीट बसलेली नसते, नाहीतर दुसरी चावी बॅगेत गाडीतच राहिलेली असते. आत चावी आहे असं कळलं की बऱ्याच गाड्या लॉक व्हायला नकार देतात, आणि तो नकार योग्यच आहे.

सेल

बहुतेक तक्रारी इथेच मिटतात, तरी सेल बदलताना होणारी हयगय एवढी आहे की यावर सविस्तर लिहायला हवं.

सेलवरचा आकडा वाचा. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ तेवढाच रुंद, पण २.५ मिलिमीटर जाड. २०३२ च्या जागी २०२५ बसतो, चावी सुरूही होते, आणि मग खड्ड्यातून गाडी गेली की बंद पडते, कारण आत तो सैल असतो. चावीच्या आतल्या बाजूला आकडा कोरलेला असतो, तोच घ्या. नाशिकमध्ये मेन रोडच्या किंवा नाशिकरोडच्या घड्याळवाल्याकडे शंभर रुपयांच्या आत चांगला सेल मिळतो. सुट्ट्या पट्टीतला, वर धूळ बसलेला घेऊ नका. बंद पाकीट आणि त्यावरची मुदत बघून घ्या.

चावी उघडताना धातूची चावी आधी काढा. तिच्या खाली कडेला बारीक खाच दिसते. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापडाची एक घडी गुंडाळा, खाचेत घाला आणि उचकटू नका, पिळा. टक् असा आवाज होऊन दोन भाग सुटतात. सेल बाहेर काढण्याआधी अधिकची खूण वर आहे की खाली, याचा मोबाइलवर फोटो घ्या. नवीन सेल कडेने धरा. बोटांचा तेलकटपणा दोन्ही सपाट बाजूंना लागू देऊ नका. आता सेलच्या खालची पितळी जीभ बघा. वर्षानुवर्षं दाबली जाऊन ती चपटी झाली असेल तर टूथपिकने केसभर वर उचला. नवा सेल घालूनही चावी अधूनमधून अडते, याचं कारण बऱ्याचदा ही जीभ असते. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलना कडू लेप दिलेला असतो. तो लेप जिभेच्या टेकण्याच्या जागी आला तरी संपर्क नीट होत नाही. कडेला रबराची बारीक रिंग असेल तर ती तिच्या खाचेत परत बसली पाहिजे, नाहीतर पुढच्या पावसात पाणी आत.

मल्टिमीटर असेल तर सेल मोजा, पण त्यावर फार विसंबू नका. नवा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. जुना सेल नुसता मोजला तर २.९ किंवा ३ दाखवेल, आणि चावीने प्रत्यक्ष काम मागितलं की तिथेच कोसळेल. थंडीत हे जास्त होतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा १० अंशांच्या खाली येतो, निफाडकडे त्याहून खाली. सकाळी सातला चावी चालत नाही आणि दुपारी उन्हात ठणठणीत चालते, असं असेल तर मोजत बसू नका, सेल बदला.

सेल काढला म्हणून चावीचं प्रोग्रॅमिंग बहुतेक गाड्यांत पुसलं जात नाही. ती भीती मनातून काढा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने हा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. गिळल्याचा नुसता संशय असला तरी उलटी काढण्याचा प्रयत्न न करता, त्रास दिसायची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

सेल लवकर संपतो त्याची कारणं

चांगला सेल वर्ष-दोन वर्षं सहज जातो. काही महिन्यांत संपत असेल तर चावी कुठे टांगता ते बघा. रो-हाउसमध्ये गाडी दारात आणि चावी दाराशेजारच्या खुंटीला, अशी आपल्याकडची पद्धत. गाडी आणि चावी एवढ्या जवळ राहिल्या तर काही मॉडेलमध्ये दोघींचं रात्रभर बोलणं चालू राहतं, आणि चावीचा सेल आणि गाडीची बॅटरी दोन्ही झिजतात. चावी आतल्या खोलीत ठेवा.

दुसरं कारण सिलिकॉनचं कव्हर. घट्ट बसलेलं कव्हर एखादं बटण किंचित दाबून ठेवतं, चावी सतत संदेश सोडत राहते, आणि आत ओलही धरून ठेवते. आठवडाभर कव्हर काढून वापरून बघा.

ओल, धूळ आणि फवारणी

रामकुंडावर स्नान करताना चावी कपड्यांत राहणं ही इथली नेहमीची गोष्ट, आणि २०२७ च्या सिंहस्थात बाहेरगावची कितीतरी माणसं ते अनुभवणार आहेत. चावी भिजली तर बटण दाबून ‘चालते का’ हे बघू नका. लगेच उघडा, सेल काढा, झटकून पाणी घालवा. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने सर्किटवर फिरवा आणि पंख्याखाली दिवसभर उघडीच वाळू द्या. तांदळाच्या डब्यात ठेवून काही साधत नाही, वर पीठ आत जातं. हेअर ड्रायरची गरम हवाही नको.

दिंडोरी, ओझर, पिंपळगावच्या द्राक्षबागायतदारांना एक विनंती. फवारणीला जाताना चावी खिशात ठेवू नका. बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं. त्याचे शिंतोडे आणि घाम मिळून संपर्काच्या पत्र्यांवर हिरवट थर चढतो. तो वरवरचा असेल तर अल्कोहोल आणि ब्रशने निघू शकतो, पण पत्रा खाल्ला गेला असेल तर चावी दुरुस्तीवाल्याकडेच द्यावी लागते.

एकच बटण चालत नाही, बाकीची चालतात, तर त्या बटणाखालचा चिमुकला स्विच गेला आहे. चांगला मोबाइल दुरुस्तीवाला तो बदलून देतो. एम. जी. रोडला मोबाइलची इतकी दुकानं आहेत की हे करणारा कुणीतरी मिळतो. जाण्याआधी एवढं विचारा की स्विच बदलणार की नुसतं सोल्डर गरम करणार.

हँडल

बटणाने उघडते, पण हँडलने उघडत नाही. इथे चावीला दोष देण्याआधी दुसऱ्या बाजूच्या दाराचं हँडल बघा. तिकडून उघडत असेल तर चावी ठीक आहे आणि ड्रायव्हरच्या हँडलवरचं रबरी बटण किंवा स्पर्श ओळखणारा भाग बिघडला आहे. ड्रायव्हरचं हँडल सगळ्यात जास्त वापरलं जातं, तेच आधी जातं. स्पर्शाच्या हँडलवर चिखल किंवा पाणी साचलं तरी ते गोंधळतं, म्हणून आधी पुसून बघा. कुठल्याच दाराने हँडलवरून उघडत नसेल तर गाडीच्या सेटिंगमध्ये स्मार्ट एंट्री बंद तर झालेली नाही ना, हे तपासा. काही गाड्या बरेच दिवस उभ्या राहिल्या की बॅटरी वाचवायला ती सोय आपोआप बंद करतात. बटणाने एकदा उघडली की पुन्हा सुरू होते.

जागेचा दोष

हा प्रकार लोकांच्या सहसा डोक्यात येत नाही. गाडी घराखाली उघडत नाही, गंगापूर रोडवर उघडते, कामावर अंबडला उघडते. मग गाडीही ठीक, चावीही ठीक. ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात गेटची रिमोटं, शटरची रिमोटं, बिनतारी घंटा असं बरंच काही चालतं. त्यातलं एखादं सतत बोलत राहिलं तर त्याच्या आसपासच्या सगळ्या चाव्या मुक्या होतात.

इंदिरानगरमध्ये आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत एका कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या सगळ्याच गाड्या अडायच्या. मालक वेगळे, कंपन्या वेगळ्या, म्हणजे दोष जागेचाच. एक गाडी जागेवरून हलवून थोड्या थोड्या अंतरावर उभी करत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी चावी किती पावलांवरून चालते ते बघितलं. गेटकडे चांगली चालायची, वॉचमनच्या खोलीच्या भिंतीपाशी तर काचेला टेकवूनही चालेना. खोलीत गेटचं जुनं रिमोट खिळ्याला लटकवलेलं होतं, त्याचं बटण आत रुतून बसलं होतं आणि लाल दिवा मंद जळत होता. सेल काढला आणि त्या कोपऱ्यातल्या गाड्या तिथल्या तिथे उघडू लागल्या.

तुमच्या गाडीत नंतर काय बसवलं तेही आठवा. स्वस्त एलईडी बल्ब, डॅशकॅम, चार्जिंगचं सॉकेट, वायरलेस चार्जर. यांतलं एकेक काढून पुन्हा तपासा. चावी आणि मोबाइल एकाच खिशात असतील तर वेगळे करा. चार्जरच्या पॅडवर किंवा फोनला चिकटून असलेली चावी गाडीला दिसत नाही.

लांबून उघडायची असेल आणि थोडक्यात पोचत नसेल, तर चावी हनुवटीला टेकवून बटण दाबा. पल्ला खरोखरच थोडा वाढतो. पण याची रोज गरज पडू लागली तर सेल बदलायची वेळ झाली.

गाडीची बॅटरी, आणि ताळमेळ सुटलेली चावी

लॉक अर्धवट हलतं, आवाज दबका येतो, केबिनचा दिवा पिवळट दिसतो: मोठी बॅटरी तपासा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर आजच चार्ज करा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे.

चावी दर वेळी नवा संकेत पाठवते, जुना पुन्हा चालत नाही. मुलांनी घरात बसून चावीची बटणं खूप वेळा दाबली तर चावी पुढे निघून जाते आणि गाडी मागे राहते. बहुतेक वेळा गाडीजवळ जाऊन बटण दोन-तीनदा लागोपाठ दाबलं की दोघांचा ताळमेळ बसतो. काही गाड्यांत इग्निशन चालू करून बटण दाबावं लागतं. ती पद्धत पुस्तिकेत असते.

चोरीच्या बाजूने

लॉकचं बटण दाबून मागे न बघता चालू लागण्याची सवय सोडा. गर्दीच्या पार्किंगमध्ये चोर जॅमर वापरून लॉकचा संदेश अडवू शकतात. इंडिकेटर लागले का ते बघा आणि दार ओढून बघा. हँडलच्या सेन्सरने लॉक होणाऱ्या गाडीत हँडल ओढून बघितलं तर ती चावी ओळखून पुन्हा उघडू शकते, म्हणून तिथे आरसे मिटले का, दिवे लागले का यावर लक्ष ठेवा.

दुसरा प्रकार म्हणजे घरातल्या चावीचा सिग्नल यंत्राने लांबवून बाहेरची गाडी उघडणं. सिग्नल अडवणारी पिशवी यासाठी मिळते. घरातला स्टीलचा डबाही चालू शकतो, पण प्रत्येक डबा चालत नाही. चावी डब्यात ठेवून डबा घेऊन गाडीपाशी जा आणि हँडलला हात लावा. दार उघडलं तर तो डबा कामाचा नाही.

नवीन चावी घ्यायचीच असेल

चावी हरवली असेल तर आधी पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा आणि तिची प्रत जपून ठेवा. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपन्या दोन्ही मूळ चाव्या मागतात, तेव्हा एक का नाही याचं उत्तर तुमच्याकडे कागदावर असायला हवं. पॉलिसीत चावी बदलण्याचं जादा संरक्षण घेतलं आहे का, हेही त्याच दिवशी बघा.

नवीन चावीचं प्रोग्रॅमिंग करायला जाताना उरलेली चावी आणि गाडी दोन्ही न्या. प्रोग्रॅमिंग तुमच्या समोर होऊ द्या आणि गाडीत एकूण किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते यंत्राच्या पडद्यावर दाखवायला सांगा. हरवलेली चावी त्या यादीतून पुसली गेली पाहिजे, नाहीतर ती ज्याच्या हाती लागेल त्याच्यासाठी गाडी सुरू होईल. पैसे देण्याआधी तिथेच पाच गोष्टी करून बघा: बटणाने उघडणं, हँडलने उघडणं, डिकी, इंजिन सुरू करणं, आणि सेल काढून चावी स्टार्ट बटणाला टेकवून सुरू करणं. आतली धातूची चावी कापून दिली आहे ना, तेही दाराच्या कुलपात फिरवून बघा. ही कोरीच हातात पडते आणि घरी आल्यावर कळतं, असं बऱ्याच जणांचं झालेलं आहे.